प्राचार्य-लेखकाचं दप्तर कसं लावावं

लेखक म्हणून नाव असलेले प्राचार्य गेले की शोकसभा होते, सभागृहाला नाव देण्याचा ठराव होतो, स्मरणिकेसाठी लेख मागवले जातात. तेवढ्यात घरातल्या माळ्यावरचे कागद रद्दीवाल्याकडे पोचलेले असतात. मुंबईत हे फार झटकन होतं. घरं लहान, सोसायटी पुनर्विकासाला गेलेली, जागा रिकामी करायची तारीख ठरलेली आणि मुलं दुसऱ्या शहरात. म्हणून दप्तराचं, म्हणजे मागे राहिलेल्या कागदपत्रांचं, काम स्मरणिकेच्या आधी हातात घ्यावं. स्मरणिका वर्षभराने निघाली तरी चालते, कागद वर्षभर थांबत नाहीत.

नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी, सकाळच्या किंवा रात्रीच्या वर्गांसाठी ज्यांनी कॉलेज चालवलं, अशा प्राचार्यांच्या दप्तराचा विचार इथे मुख्यतः केला आहे. आसपासच्या वस्तीला दार उघडं ठेवणाऱ्या अशा संस्थांना अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणतात. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं, आणि हे नाव तिकडे रूढ झालं ते राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७च्या अहवालानंतर. मुंबईत त्याच जातीचं काम सकाळच्या कॉलेजांनी आणि रात्रशाळांनी केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५मध्ये गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढायला घेतले ते १९७९ साली, निधनानंतर २३ वर्षांनी. न छापलेली हस्तलिखितं तोवर टिकून होती, म्हणूनच पुढच्या खंडांत ती येऊ शकली.

अशा माणसाच्या लेखनाचा मोठा भाग पुस्तकांत नसतोच. तो प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतल्या दोन पानी निवेदनात असतो, फीमाफीच्या अर्जावरच्या शेऱ्यात असतो, वेळापत्रक का बदललं हे सांगणाऱ्या परिपत्रकात असतो. पुस्तकं ग्रंथालयात कुठे ना कुठे सापडतील. बाकीचं आत्ता गोळा केलं नाही तर सापडणार नाही.

पहिल्या भेटीत

घरी जाताना फोन चार्ज करून न्या आणि कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा. आधी खोलीच्या चारही भिंती, मग प्रत्येक कपाट दार उघडून, मग प्रत्येक फळी डावीकडून उजवीकडे, मग टेबलाचे खण. माळ्यावरच्या पेट्या खाली उतरवण्याआधी त्या कशा रचल्या आहेत त्याचाही फोटो घ्या. कागद कशाशेजारी ठेवला होता हीसुद्धा माहितीच असते, आणि ती एकदा मोडली की परत जुळवता येत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने मदतीला आलेले लोक करतात. ते बसतात आणि वेगवेगळे गठ्ठे लावतात: पत्रं एकीकडे, कात्रणं एकीकडे, फोटो एकीकडे. संपादकाचं पत्र लेखाच्या खर्ड्याला टाचलेलं असतं. ते सुटलं की ‘शेवट बदलून पाठवा’ हे वाक्य कोणत्या लेखाबद्दल होतं ते कळायला मार्ग उरत नाही. विषयवार किंवा तारीखवार लावायचा मोह आवरा. मूळ क्रम तसाच ठेवा; विषयवार शोध यादीतून घेता येतो.

प्रत्येक गठ्ठ्याला जागेचा क्रमांक द्या: खोली, कपाट, फळी, गठ्ठा. ‘ख१-क२-फ३-ग४’ एवढं पुरतं. हा क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून चिठ्ठी गठ्ठ्यात घाला. बॉलपेन वापरू नका; शाई पसरते आणि पुसता येत नाही. त्यांनी स्वतः लिहिलेली लेबलं, फाटलेली पाकिटं, ‘पुन्हा पाहणे’ असं लिहिलेली फोल्डरं फेकायची नाहीत.

पुस्तकं ग्रंथालयाला देण्याची घाई असते. देण्याआधी प्रत्येक पुस्तक उघडून पाहा. आत चिठ्ठ्या, पत्रं, भाषणाचे मुद्दे लिहिलेली आमंत्रणपत्रिका सापडते. चिठ्ठी काढलीच तर कोणत्या पुस्तकात कितव्या पानाशी होती ते तिच्या पाकिटावर लिहा. समासात टिपणं असलेली पुस्तकं दप्तराबरोबरच राहू द्या.

टाकायचं काय, हेही ठरवावं लागतं. कोरी स्टेशनरी, एकाच छापील गोष्टीच्या दोनपेक्षा जास्त प्रती, वीजबिलं आणि बँकेची पत्रं कुटुंबाला परत द्या. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, गोपनीय अहवाल, शिस्तभंगाच्या चौकशीचे कागद घरी सापडले तर ते कॉलेजचे आहेत. बंद पाकिटात पोच घेऊन परत करा. त्यांचे फोटोही काढू नका.

कामाचा अंदाज बांधायला एक माप लक्षात ठेवा: फूटभर उंचीचा दाबलेला गठ्ठा म्हणजे साधारण अडीच ते तीन हजार कागद. दोन कपाटं भरली असतील तर हे चार रविवारचं काम नाही, हे कुटुंबाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं.

मुंबईची हवा आणि कागद

सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा ८० टक्क्यांच्याही वर असते. म्हणून कागद उघडून करायची कामं, म्हणजे साफसफाई, टाचण्या काढणं, स्कॅनिंग, नोव्हेंबर ते मार्चमध्ये बसवा. पावसाळ्यात मुलाखती आणि सूचीचं काम करा. खोलीत एक साधा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत टिपा. दिवसा एसी लावून रात्री बंद करण्याची पद्धत कागदाला मानवत नाही. सतत वरखाली होणाऱ्या दमटपणापेक्षा पंखा, वाहती हवा आणि स्थिर तापमान परवडलं.

कपाट लोखंडी घ्या. लाकडाला वाळवी लागते आणि प्लायवूडमधल्या रसायनांनी कागद पिवळा पडतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार इंच आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर हवी. तळमजल्याची जागा कोणी फुकट दिली तरी नको म्हणा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला होता. तळमजल्यांचं त्या दिवशी काय झालं ते मुंबईकरांना सांगायला नको.

साफसफाईला रुंद, मऊ केसांचा कोरडा ब्रश घ्या आणि मधून कडेकडे झाडा. ओलं फडकं कधीच नाही. बुरशीचा वास येत असेल तर एन-९५ मास्क, हातमोजे आणि उघडी गॅलरी. घरातल्या खोलीत झाडलंत तर तीच बुरशी बाकीच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसेल. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजतात आणि कागदाला भोक पाडतात. गंजलेली पिन ओढून काढू नका. कागद पालथा करा, पिनेचे दोन्ही पाय बोथट सुरीने उचला, मग पुढून अलगद काढा. एकत्र टाचलेली पानं एका दुमडलेल्या कोऱ्या कागदात एकत्रच ठेवा. रबरबँड वितळून चिकटलेला असेल तर तो खरवडण्याच्या भानगडीत न पडता पान वेगळं ठेवा, जाणकाराला दाखवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही, कारण तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत मुरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. ते उलटवता येत नाही.

बांधायला आम्लमुक्त फोल्डर आणि खोकी मिळाली तर उत्तम. पैसे नसतील तर बिनरंगाचं मांजरपाट आणा आणि दोनदा धुऊन खळ पूर्ण काढून टाका, कारण खळीवर कसर येते. वाळल्यावर त्यात गठ्ठा रुमालासारखा बांधा, वर-खाली जाड पुठ्ठा द्या, गाठ सैल ठेवा. डांबरगोळ्या कपाटात टाकू नका. त्यांची वाफ आरोग्याला वाईट आणि कागदालाही उपयोगाची नाही. वेखंड वापरायचंच असेल तर पुरचुंडीत, फळीच्या कोपऱ्यात. पूड पानांवर भुरभुरली की डाग पडतात.

कसर किंवा वाळवी जिवंत दिसली तर तो गठ्ठा लगेच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर निदान दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. फोटो, निगेटिव्ह आणि कॅसेटना हा उपाय करायचा नाही.

छत गळून कागद भिजले तर हातात दोन-अडीच दिवस असतात, त्यानंतर बुरशी धरते. ऊन आणि इस्त्री दोन्ही टाळा. पानांच्या मध्ये टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट घाला, पंखा बाजूला वळवून लावा, टिपकागद दर दोन-तीन तासांनी बदला. पानं एकमेकांना चिकटली असतील तर ती ओली असताना सोडवू नका. काम आटोक्याबाहेर असेल तर गठ्ठे पिशव्यांत घालून गोठवा आणि थोडे थोडे बाहेर काढा.

कॉलेजच्या ताब्यातले कागद

घरचं दप्तर लावून काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. प्राचार्यांचा खरा ठसा मात्र कॉलेजच्या कचेरीत असतो. तिथे नुसतं ‘सरांचे कागद दाखवा’ म्हटलं तर काही मिळत नाही. संस्थेच्या सचिवांना पत्र लिहून नेमकं मागा: त्यांच्या कारकिर्दीतल्या माहितीपुस्तिका, परिपत्रकांच्या फाइली, नियामक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं, वेळापत्रकं, कॉलेजची वार्षिकं आणि आवक-जावक नोंदवह्या.

सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन म्हणजे जावक नोंदवही. तिच्यात तारीख, क्रमांक, कोणाला पाठवलं आणि विषय एवढंच असतं, पण त्यावरून प्राचार्यांनी विद्यापीठाशी, शासनाशी, गिरणीच्या किंवा बँकेच्या व्यवस्थापनाशी कधी काय पत्रव्यवहार केला याचा माग लागतो. पत्राची प्रत कॉलेजात हरवली असली तरी क्रमांक आणि तारीख घेऊन समोरच्या कचेरीत ती मागता येते.

माहितीपुस्तिका वर्षवार लावा आणि एक तक्ता करा. रकाने: वर्ष, अभ्यासक्रम, वर्गाची वेळ, जागा, फी, सवलती, बदललेला नियम. हा तक्ता भरायला कंटाळवाणा आहे, पण दहा भाषणं वाचून जे कळत नाही ते यातून कळतं. एखाद्या वर्षी सकाळचा वर्ग साडेसातऐवजी सातला भरू लागला असेल तर त्याच सालचं इतिवृत्त उघडा. पहिल्या पाळीचे कामगार, लोकलचं वेळापत्रक, परीक्षेचं केंद्र, असं काहीतरी कारण ठरावात किंवा टिपणात मिळतं. मग त्या प्राचार्यांचा त्याच काळातला लेख वाचा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर विचार आणि व्यवहार यांचं नातं दिसतं, आणि वारसा म्हणून सांगण्यासारखं जे असतं ते इथेच असतं.

वार्षिकं चाळताना फक्त प्राचार्यांचं मनोगत बघून पुढे जाऊ नका. विद्यार्थ्यांचे लेख, खेळाचे अहवाल, ग्रंथालयाचा वार्षिक आढावा यांत त्यांच्या निर्णयांचे परिणाम दिसतात. गौरवग्रंथात फक्त कौतुक येतं. वार्षिकांत तक्रारीही सापडतात, आणि त्याही नोंदवायच्या.

छापून आलेलं कसं शोधावं

घरच्या कात्रणांवर बहुधा तारीख नसते. कात्रणाची मागची बाजू बघा: सिनेमाची जाहिरात, क्रिकेटचा धावफलक, सोन्याचा भाव. त्यावरून आठवडा ठरवता येतो. टाइपाचा ठसा आणि स्तंभाची रुंदी यावरून दैनिक ओळखता येतं. लोकसत्ता १९४८पासूनचा, महाराष्ट्र टाइम्स १९६२पासूनचा. त्याआधीचं कात्रण असेल तर नवाकाळ, नवशक्ती यांच्याकडे वळा. साधना साप्ताहिक १९४८पासूनचं आहे आणि शिक्षणावर लिहिणाऱ्यांचे लेख तिथे हमखास असतात. दिवाळी अंक विसरू नका. कार्यबाहुल्यात दिवाळी अंकापुरतेच लिहिणारे प्राचार्य पुष्कळ.

ग्रंथालयांत १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आधी, मग एशियाटिक सोसायटी, मग विद्यापीठाचं ग्रंथालय. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते आणि टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. पुस्तक १९५० किंवा त्याआधीचं असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची बघा. किंग्ज सर्कल आणि फ्लोरा फाउंटनच्या पदपथांवरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेतेही जमेला धरा; नाव आणि फोन देऊन ठेवला तर ते कळवतात.

सूचीची नोंद अशी हवी: लेखाचं शीर्षक जसंच्या तसं, नियतकालिक, दिनांक किंवा अंक, पृष्ठं, टोपणनाव वापरलं असेल तर ते, लेख नंतर कोणत्या पुस्तकात घेतला, आणि तुम्ही तो प्रत्यक्ष पाहिला की दुसऱ्या सूचीतून उतरवला. हा शेवटचा रकाना सोडू नका. न पाहिलेल्या नोंदी एका सूचीतून दुसऱ्या सूचीत फिरत राहतात आणि चुका पक्क्या होतात.

नक्कल करताना जुनं लेखन सुधारू नका. शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२चे, त्यांत १९७२ साली भर पडली. त्याआधीच्या लेखनात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘केलें’ असं असणारच. छापताना नव्या नियमांनी छापायचं ठरवलंत तरी मूळ नक्कल जशीच्या तशी वेगळी ठेवा.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली

१९९० ते २०१० या काळात मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप होत होता. आज ती फाइल उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोक ती खराब झाली म्हणून पुसून टाकतात. ती खराब नसते. तिचा फॉन्ट तुमच्या संगणकावर नसतो, एवढंच.

फ्लॉपी असेल तर आधी तिची खिडकी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून लॅमिंग्टन रोडला शोधून मिळतो. सगळ्या फाइलींची प्रत काढा आणि मूळ प्रतीला पुन्हा हात लावू नका. ज्या डीटीपीवाल्याकडे पुस्तक झालं त्याच्याकडे जुना संगणक आहे का विचारा. काही सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची किल्ली, लागायचा आणि तो नसेल तर फाइल उघडूनही मजकूर दिसत नाही. तिथून फॉन्ट आत बसवून पीडीएफ करून घ्या. त्यामुळे निदान पान कसं दिसत होतं ते टिकतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या आजच्या अक्षरसंकेतात, आणायला प्रत्येक फॉन्टकुळाचा परिवर्तक वेगळा असतो. चुकीचा वापरला तर ऐंशी टक्के अक्षरं बरोबर येतात आणि बाकीची फसवतात, म्हणून आधी एकच पान करून बघा. मग पुढच्या जागा डोळ्यांत तेल घालून तपासा. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते. रफार एक घर पुढे किंवा मागे जातो, ‘कार्यक्रम’ बिघडतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र रफार बनून ‘दुसर्या’ होतो. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले सगळे शब्द शोधून बघा. अवतरणचिन्हं आणि अंक यांच्या जागी भलतीच अक्षरं येतात, त्यामुळे साल चुकतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तपासताना एकाने पीडीएफ मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने युनिकोडचा मजकूर बघावा. एकट्याने केलेल्या तपासणीत नजर चुका आपोआप सुधारून वाचते.

मूळ फाइल, पीडीएफ आणि युनिकोड मजकूर हे तिन्ही ठेवा.

स्कॅनिंग आणि कॅसेट

छापील मजकूर ३०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके), पुसट हस्ताक्षर ४००, फोटो ६००. काळापांढरा कागदही रंगीत स्कॅन करा. निळ्या शाईवरची लाल दुरुस्ती नाहीतर दिसत नाही. मूळ स्कॅन टिफ या फाइलप्रकारात, वापरायची प्रत पीडीएफमध्ये. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला रंगीत घेतलं तर टिफ साधारण २६ एमबीची होते, म्हणजे तीन हजार पानांना ७८ जीबी. मागची बाजू कोरी असली तरी एकदा बघा. फाइलच्या नावात रोमन अक्षरं आणि अंकच वापरा, मोकळी जागा सोडू नका. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक प्रत मुंबईबाहेर. छापील मराठीचं ओसीआर, म्हणजे चित्रातून मजकूर ओळखून घेणं, आता बऱ्यापैकी होतं, हस्ताक्षर मात्र बहुधा हातानेच उतरवावं लागतं.

कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही चौकोनी तुकडे आधी मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी भाषण पुसणार नाही. पांढरी पूड किंवा बुरशी दिसली तर वाजवू नका, डेकही बिघडेल. ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मग वाजवा. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एका तासाच्या स्टीरिओला साधारण १ जीबी लागतो. आवाज ‘सुधारायची’ सोय मूळ फाइलवर वापरायची नाही.

मुलाखती

आधी शिपाई, कारकून, ग्रंथपाल यांच्याकडे जा, मग सहकारी प्राध्यापकांकडे, आणि नामवंत माजी विद्यार्थी शेवटी. नामवंतांच्या आठवणी छापून आलेल्या असतात. कचेरीतल्या माणसांना कोणी विचारलेलं नसतं आणि त्यांचं वयही थांबत नाही.

‘सर कसे होते?’ असं विचारलं की ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ‘मामा, सकाळची पहिली घंटा किती वाजता द्यायचात? सर त्याआधी यायचे की नंतर? आल्यावर पहिलं दार कुठलं उघडायला सांगायचे?’ कारकुनांना फीमाफीचा अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठून कुठे जायचा ते सांगायला सांगा, एखादा जुना अर्जाचा नमुना त्यांच्या हातात देऊन. कागद हातात आला की माणूस बारकाईने बोलतो. माजी विद्यार्थ्यांना एक पूर्ण दिवस विचारा: पाळी कधी सुटायची, डबा कुठे खायचात, शेवटची लोकल कोणती.

एका बैठकीला तास-सव्वातास पुरे. पंखा आवाज धरतो, तो बंद करता येत नसेल तर रेकॉर्डर बोलणाऱ्याच्या छातीशी, पंख्यापासून दूर. दोन साधनांवर एकाच वेळी ध्वनिमुद्रण करा, एक फोन चालेल. सुरुवातीला नाव, तारीख, ठिकाण बोलून घ्या. संमतीपत्र मराठीत, सही मुलाखतीनंतर: कोण ऐकू शकेल, छापता येईल का, कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा. तिसऱ्या माणसाची बदनामी होईल असं काही आलं तर तो भाग पुसू नका, बंद ठेवा.

हक्क कोणाचे

इथे गोंधळ फार. कागदाची मालकी आणि त्यावरच्या मजकुराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राचार्यांना आलेली पत्रं कुटुंबाच्या मालकीची, पण ती छापायचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. प्राचार्यांनी इतरांना लिहिलेल्या पत्रांचं याच्या उलट.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. १९५६ साली निधन पावलेल्या लेखकाचं हयातीत छापलेलं साहित्य १ जानेवारी २०१७पासून मोकळं झालं. हयातीत न छापलेलं लेखन निधनानंतर पहिल्यांदा छापलं तर ६० वर्षं त्या प्रकाशनापासून मोजतात, म्हणून हस्तलिखित घाईने छापण्याआधी वारसांची लेखी संमती हवी. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेली परिपत्रकं, वेगळा करार नसेल तर, संस्थेची. जाहीर भाषण मात्र नोकरीत असतानाही भाषण करणाऱ्याचं. दैनिकात बाहेरून पाठवलेल्या लेखाचा हक्क, लिहून दिला नसेल तर, लेखकाकडेच राहतो. मृत्युपत्राने न छापलेलं हस्तलिखित एखाद्याला दिलं असेल तर, उलट काही लिहिलेलं नसल्यास, छापण्याचा हक्कही त्याच्याकडे जातो. म्हणून मृत्युपत्र आधी वाचा.

प्रकाशकांबरोबरचे जुने करार शोधा. हक्क लेखी सही करूनच देता येतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. पुष्कळ पुस्तकांचे हक्क कुटुंबाकडे केव्हाच परत आलेले असतात. अनेक वारस असतील तर सगळ्यांनी मिळून एकाला अधिकारपत्र द्यावं, नाहीतर दर लेखामागे पाच सह्या गोळा कराव्या लागतात.

दप्तर कोणाकडे द्यावं

मोठं नाव बघून संस्था निवडू नका. तिथे जाऊन चार प्रश्न विचारा: गेल्या वर्षी आलेल्या दप्तराची यादी दाखवता का, वाचकाला कोणत्या दिवशी बसता येतं, गळती झाली तर जबाबदार कोण, आणि स्कॅन बाहेर देता का. पहिल्या प्रश्नाला यादी पुढे आली नाही तर तुमचे कागद तिथे बांधलेलेच राहतील.

दानपत्रात गठ्ठ्यांची क्रमांकवार यादी जोडा. मालकी दिली की फक्त सांभाळायला दिलं, छापण्याचे हक्क दिले की नाहीत, कोणते गठ्ठे कोणत्या सालापर्यंत बंद, संस्था बंद पडली किंवा जागा बदलली तर दप्तर कोणाकडे जाणार, हे सगळं स्पष्ट लिहा. यादीची एक प्रत कुटुंबाकडे, एक कॉलेजच्या ग्रंथालयात. स्कॅन तयार व्हायची वाट न पाहता यादी लगेच खुली करा. संशोधक यादी बघूनच येतात. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात फक्त हक्क संपलेलं किंवा मुक्त परवान्याने दिलेलं साहित्य चढवता येतं.

एक माणूस नेमून दर वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात तपासणी ठेवा, पाऊस जूनमध्ये येण्याआधी. कपाटामागची भिंत हाताने चाचपून ओल बघायची, प्रत्येक फळीवरचा एक रुमाल सोडून कसर बघायची, हार्डडिस्क जोडून फाइलींची संख्या यादीशी ताडायची आणि कोणत्याही दहा फाइली उघडून बघायच्या. डिस्क पाच वर्षांची झाली की नव्या डिस्कवर प्रत करून मगच जुनी बाजूला ठेवायची. तपासणीची तारीख आणि सही त्याच वहीत, आर्द्रतेच्या आकड्यांखाली.